मध्यंतरात निकाल नको: नाटक ड्रामाटर्गसारखं कसं बघावं, कसं वाचावं

बालगंधर्व रंगमंदिरात मध्यंतर झालं की दोन रांगा लागतात. एक बटाटेवड्याची, दुसरी मतांची. दुसरी जास्त भराभर पुढे सरकते. वडा हातात पडायच्या आत पहिल्या अंकाचा निकाल लागलेला असतो: "पडला हो अंक." "लेखकाला म्हणायचंय काय, तेच कळेना." "मूळ संचातली मजा नाही." या रांगेत मी बरीच वर्षं उभा आहे आणि तोंडात वडा असताना दिलेल्या मतांचा माझा साठाही काही कमी नाही. पुण्यात जन्मल्यावर मत असणं हे रेशनकार्डासारखं आहे, ते मागावं लागत नाही.

मी ज्या माणसाबद्दल सांगणार आहे तो या रांगेत गप्प असतो. त्याला मत नसतं असं नाही, पण तो ते खिशात ठेवतो, कारण त्याच्या डोक्यात आधी दुसराच हिशेब चाललेला असतो. आत्ता आत नेमकं काय काय झालं? कशानंतर काय आलं? ते त्याच जागी का आलं? या माणसाला नाटकाच्या जगात ड्रामाटर्ग म्हणतात.

शब्द जर्मनमधून आला आहे आणि त्याचा अर्थ नाटककार नव्हे. १७६७ साली हॅम्बुर्गमध्ये काही नागरिकांनी पैसे उभे करून एक नॅशनल थिएटर सुरू केलं आणि लेसिंग नावाच्या नाटककाराला तिथे नोकरीवर घेतलं. काम असं की, होणाऱ्या प्रयोगांबद्दल लिहायचं. नाटक कसं बांधलंय, कुठे सैल आहे, प्रेक्षकावर काय परिणाम होतो आणि कशामुळे, असं सगळं. लेसिंगने सुरुवातीला नटांबद्दलही लिहिलं. नटमंडळी रुसली. मग त्याने अभिनयाचा विषय सोडला आणि नाटकाच्या रचनेवरच लिहीत राहिला. थिएटर जेमतेम दोन वर्षं चाललं, लेख मात्र टिकले. पुढे जर्मन नाटकसंस्थांत हे रीतसर पद झालं. ब्रेख्तसुद्धा तरुणपणी म्युनिकला आणि नंतर बर्लिनला याच पदावर होता. हाच तो ब्रेख्त, ज्याच्या नाटकाचं पु. ल. देशपांड्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' केलं.

ड्रामाटर्गचं रोजचं काम तसं साधं असतं. आलेल्या संहिता वाचायच्या, लेखकाशी बसायचं, भाषांतर असेल तर मुळाशी ताडून बघायचं, नाटकातला काळ आणि समाज यांचा अभ्यास करून नटांना द्यायचा, आणि तालमीत मागे बसून पहिल्यांदाच नाटक बघणाऱ्याच्या डोळ्यांनी बघत राहायचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. दिग्दर्शकाला सगळं आधीच माहीत असतं, त्यामुळे प्रेक्षकाला काय माहीत नाही हे त्याला दिसेनासं होतं. आपल्याकडे या कामाला नाव नाही, म्हणून ते होत नाही असं मात्र नाही. कुणीतरी करतंच. त्याच्याकडे शेवटी येऊ.

वाचायचं कसं

संहिता पहिल्यांदा वाचताना एकच नियम: एका बैठकीत. रोज रात्री झोपताना दहा पानं असं नाटक वाचलं तर ते नाटक वाचलंच नाही असं मी म्हणेन. प्रेक्षक पान मागे उलटू शकत नाही, मध्ये दोन दिवसांची सुट्टी घेऊ शकत नाही. नाटककाराने त्या अडीच तासांच्या सलग धाग्यावर सगळं ओवलेलं असतं. जमलं तर मोठ्याने वाचावं. डोळ्यांना जो संवाद लांबट वाटतो तो जिभेला कधी कधी अगदी बरोबर लागतो, आणि उलटंही होतं. कंसातल्या रंगसूचना गाळायच्या नाहीत. आपण सगळे त्या गाळतो. 'ती खिडकीपाशी जाते' हे वाक्य कंटाळवाणं खरं, पण ती गेली म्हणजे कुणाकडे तरी पाठ झाली, आणि पुढची चार वाक्यं त्या पाठीशी बोलली जाणार.

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्यायची. कुणी आत आलं किंवा बाहेर गेलं की समासात रेघ मारायची आणि एवढंच लिहायचं: आधी काय शक्य होतं, आता काय शक्य राहिलं नाही. सासू खोलीत आली की दोन जावांचं बोलणं बदलतं, हे आपल्याला घरी कुणी शिकवावं लागत नाही. नाटकात बघायचं ते हेच. 'छान प्रसंग' किंवा 'रटाळ प्रसंग' असं समासात लिहायला बंदी. हा विचार काही जर्मनांनी पहिल्यांदा केला असंही नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी, म्हणजे सांधे, सांगितले आहेत. सुरुवातीला पेरलेलं बीज कुठे दिसतं, कुठे हरवल्यासारखं वाटतं आणि कुठे फळाला येतं याचाच तो माग आहे.

आता एक नाटक हातात घेऊ. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', १९६७ सालचं. गोष्ट बहुतेकांना माहीत असते: एक हौशी नाटकमंडळी गावात प्रयोगाला आली आहे, वेळ काढायला म्हणून लुटुपुटीचा खटला चालवते, आरोपी म्हणून शिक्षिका असलेल्या बेणारेबाईंना उभं करते, आणि खेळ बघता बघता त्यांच्या खऱ्या आयुष्यावर उलटतो. गोष्ट म्हणून एवढं पुरे. ड्रामाटर्गला ते पुरत नाही. तो पहिल्यांदा पात्रांची यादी करतो आणि तिच्यात न दिसणारं एक नाव खाली लिहितो: प्रोफेसर दामले.

दामले येणार होते, आले नाहीत. हे नाटकात सुरुवातीलाच कळतं, आणि आपण ते प्रवासातली नेहमीची अडचण म्हणून सोडून देतो. पण बेणारेंच्या पोटातलं मूल दामल्यांचं आहे हे उघड झाल्यावर ती रिकामी जागा सबंध नाटकाचा मध्य होते. खटला बाईवर चालतो आणि पुरुष गैरहजर, त्याला समन्सही नाही. नाटककाराने दामल्यांना रंगमंचावर आणलं असतं तर काय झालं असतं? ते रडले असते, नाकारलं असतं किंवा बचाव केला असता. काहीही केलं असतं तरी आपला राग एका माणसावर खर्च झाला असता. ते आलेच नाहीत, म्हणून तो समोर बसलेल्या प्रतिष्ठित मंडळींवर जातो, आणि थोडा आपल्यावरही येतो, कारण खेळ रंगात आला तेव्हा आपणही हसलेलो असतो.

मग नाटकाची पहिली आणि शेवटची पानं शेजारी ठेवायची. खेळातला आरोप असतो भ्रूणहत्येचा. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर जी शिक्षा सुनावतात ती अशी की, पोटातला गर्भ नष्ट करावा. ज्या गुन्ह्यासाठी खटला चालवला तोच गुन्हा शिक्षा म्हणून फर्मावला. मी हे नाटक दोनदा पाहिलं होतं, हळहळलो होतो, बाहेर येऊन 'भेदक आहे' वगैरेही म्हणालो होतो. ही विसंगती दिसली ती तिसऱ्या वेळी, पुस्तक उलटीकडून वाचताना. भावना इतकी चढलेली असते की तर्कात पडलेलं हे भगदाड नजरेतून निसटतं. कोर्टातल्या कुणालाच ते दिसत नाही, नाटक त्याबद्दलच तर आहे.

शिक्षेच्या आधी बेणारेंचं ते प्रसिद्ध स्वगत येतं. एकपात्री स्पर्धांनी ते इतकं झिजवलंय की त्याच्या आजूबाजूला काय लिहिलंय तिकडे लक्षच जात नाही. त्या बोलत असताना बाकीची पात्रं गोठलेली आहेत. बोलणं संपल्यावर काशीकर वेळ संपल्याचं सांगतात आणि आरोपीला काही म्हणायचं नाही अशी नोंद करतात. म्हणजे ते सगळं बोलणं कोर्टाने ऐकलेलंच नाही. ऐकलं ते फक्त आपण. स्वगत अभिनयाचा नमुना म्हणून सुटं काढलं की 'ऐकून घेणारं कुणीच नाही' हा त्याचा निम्मा अर्थ मागेच राहतो.

उलटीकडून वाचणं म्हणजे शेवटच्या घटनेपासून मागे येत 'ही कशामुळे झाली?' असं विचारत जाणं. कधी कधी उत्तरं अगदी अनपेक्षित जागी सापडतात. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त घरातली मुलगी, रंजू, दागिने घेऊन पळून जाते. बातमी मोठी. पण तिचं वजन कुठून येतं? त्याआधीच्या एका रात्रीच्या प्रसंगातून. त्यात घरातलं पिढीजात सोनं बाहेर निघतं आणि वहिनी ते अंगावर चढवते. त्या प्रसंगात कथानक इंचभरही पुढे सरकत नाही, असं कुणीही घाईचा माणूस म्हणेल. तो काढून टाका. मग सोनं जाणं हा पोलिसात नोंदवायचा ऐवज उरतो. तो प्रसंग ठेवला की कळतं, काय गेलं ते.

प्रयोग बघताना

वाचताना आपण थांबू शकतो, बघताना नाही. म्हणून बघण्याची शिस्त थोडी वेगळी. पहिल्या दहा मिनिटांत एकच गोष्ट हेरायची: हे नाटक आपल्याशी कोणता करार करतंय? प्रत्येक नाटक सुरुवातीलाच प्रेक्षकाला आपले नियम शिकवतं. इथे माणसं गातील की नाही, आपल्याकडे बघून बोलतील की नाही, खुर्ची म्हणजे खुर्चीच की सिंहासनही. एकदा करार समजला की पुढे तो कुठे पाळला आणि कुठे मोडला हे दिसू लागतं. आणि चांगला दिग्दर्शक तो उगाच मोडत नाही.

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण पुण्यातच घडलं. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. लेखन तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यदिग्दर्शन कृष्णदेव मुळगुंदांचं. पडदा वर जातो तेव्हा समोर गाणाऱ्या-नाचणाऱ्या ब्राह्मणांची एक रांग. नेपथ्याच्या नावाने जवळपास काही नाही. ही रांगच भिंत होते. तिने पाठ फिरवली की पलीकडे काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. ती फुटली की दुसरं ठिकाण. करार दोन मिनिटांत पक्का झाला, आणि प्रेक्षकाने टाळ्या वाजवून सही केली.

सुंदर युक्ती, असं म्हणून समीक्षक तिथे थांबतो. ड्रामाटर्ग आणखी एक पाऊल टाकतो: भिंत माणसांचीच का? कापडाचा पडदा स्वस्त पडला असता. उत्तर नाटकात आहे. ही माणसं म्हणजे पुणं शहर. सुरुवातीलाच सूत्रधार वाटेत एकेकाला गाठतो, आणि रात्रीच्या वेळी बावनखणीकडे, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीकडे, निघालेला ब्राह्मण कीर्तनाला चाललोय म्हणून सांगतो. झाकणारं शहर आणि झाकणारी भिंत एकच. नाना फडणवीस आणि घाशीराम यांच्यात मुलीच्या बदल्यात कोतवालीचा सौदा होतो तेव्हा तो झाकायला कुणी परका येत नाही. त्याच माणसांच्या पाठी. आणि शेवटी घाशीरामला ठेचायलाही तीच माणसं जमतात. म्हणून जेव्हा 'घाशीराम'च्या एखाद्या नव्या प्रयोगात कुणी भपकेबाज वाडा उभारल्याचं ऐकतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. नेपथ्य वाढलं, पण साक्षीदार गेले.

ज्या शहराबद्दल ते नाटक होतं त्याच शहरात ते झालं, याचाही विचार करायला हवा. १९ प्रयोगांनंतर ते थांबलं, वाद पेटला, त्यातून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी ही नाट्यसंस्था उभी राहिली आणि नाटक पुन्हा सुरू झालं. 'हे नाटक आत्ता, इथे, या लोकांसमोर का?' हा ड्रामाटर्गचा ठरलेला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर संहितेत लिहिलेलं नसतं. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली आलं. कागदावर महाभारतातली गोष्ट: विराटाच्या दरबारात सैरंध्रीचा अपमान, युधिष्ठिर सबुरीचा, भीम संतापलेला. प्रेक्षागृहात मात्र कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसत होता, सैरंध्रीच्या जागी देश, आणि भाऊ-भावांच्या वादात मवाळ आणि जहाल. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. म्हणजे सरकारी बाबूंनाही नाटक वाचता येत होतं, बऱ्यापैकी चांगलं. आज तेच नाटक करायचं तर कर्झन कुणाच्याच मनात नाही. मग कीचक कोण? दिग्दर्शकाने नुसता दाढी-मिशांचा विचार केला असेल तर ड्रामाटर्गने तालमीच्या पहिल्याच दिवशी हे विचारलं पाहिजे, आणि बहुधा त्यामुळे अप्रिय व्हायला पाहिजे.

नाटकाचा घाट हाही एक करारच. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) भाऊराव मेलेले आहेत आणि स्वतःच्या मरणाचं कीर्तन तेच करतायत. मेलेल्या माणसाला बोलतं करायचं म्हणजे भूत आलं, धूर आला, निळा दिवा आला. कीर्तन घेतल्यावर यातलं काहीच लागत नाही. कीर्तनकार तसाही एकटाच सगळ्यांची सोंगं वठवतो, श्रोत्यांशी थेट बोलतो, मध्येच विनोद करतो. गंभीर गोष्ट हसत सांगायची सवय त्या घाटालाच आहे. घाटानेच अर्धं काम केलं.

बघताना लावून घ्यायची आणखी एक सवय: बोलणाऱ्याकडे न बघता ऐकणाऱ्याकडे बघणं. यासाठी तेच नाटक दुसऱ्यांदा बघावं लागतं, आणि तिकिटांचे दर पाहता हा सल्ला जरा महागातला आहे हे कबूल. म्हणून छोटी जागा बरी. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर नट हाताच्या अंतरावर असतो, न बोलणाऱ्याच्या मानेची शीरही दिसते. नाहीतर पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरतला जाऊन बसा. एका संध्याकाळी ओळीने एकांकिका होतात, घोषणांनी कान किटतात, पण करार कसा होतो आणि कसा फसतो हे एका बैठकीत इतक्या वेळा दुसरीकडे बघायला मिळत नाही. कच्च्या नाटकात सांधे उघडे दिसतात. शिकायला तेच बरं. संहिता अप्पा बळवंत चौकात मिळतात, जुन्या पुस्तकांत तर कुणीतरी आधीच पेन्सिल चालवलेल्याही मिळतात.

एक आजार मात्र सांभाळायचा. नवा नवा ड्रामाटर्ग झालेल्या माणसाला जिकडेतिकडे प्रतीकं दिसायला लागतात. लाल साडी म्हणजे क्रांती, रिकामा पाळणा म्हणजे भांडवलशाही. 'वाडा चिरेबंदी'त दाराशी गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे. त्याचा अर्थ सांगायला दहा जण तयार असतात, सरंजामशाहीचा अंत वगैरे. असेल. पण आधी तो नाटकात काय करतो ते बघा. तो चालत नाही, तो विकला जात नाही, तो हलवलाही जात नाही, आणि घरातल्या प्रत्येकाला त्याच्या शेजारून जावं लागतं. आधी काम, मग अर्थ. हा क्रम उलटला की माणूस नाटक बघायचं सोडून स्वतःची हुशारी बघायला लागतो. मला अनुभव आहे.

आता त्या बिननावाच्या माणसाकडे.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या एकांकिकेच्या तालमींना मी जात असे, सल्लागार वगैरे म्हणून, म्हणजे चहा प्यायला. गोष्ट साधी होती: वडील गेल्यावर मुंबईहून आलेला भाऊ घर विकायला निघतो, आणि शेवटी विकत नाही. प्रयोग वेळेत बसेना, म्हणून काटछाट झाली. त्यानंतर शेवट पडायला लागला. भाऊ म्हणायचा, "राहू दे घर," आणि समोर बसलेल्या कुणालाच ते पटायचं नाही. सगळ्यांनी, अर्थात मीही, निदान केलं की पोरगा कमी पडतोय. दोन दिवस त्या पोराला सोलून काढलं. मोठ्याने म्हण, हळू म्हण, पॉझ घे, घेऊ नको. तिसऱ्या दिवशी तो रडकुंडीला आला.

प्रॉम्प्टिंगला बसणारी एक मुलगी होती. तिच्याजवळ काटछाटीच्या आधीची वही होती. ती म्हणाली, "सर, तो साखर शोधतो ते आपण काढलंय." कुणालाच आठवेना. तिने वाचून दाखवलं. मधल्या एका प्रवेशात भाऊ स्वतः चहा करायला उठतो, तीन डबे उघडतो, साखर सापडत नाही. बहीण न बोलता येते, चौथा डबा त्याच्यापुढे ठेवते आणि निघून जाते. संवाद एकही नाही, म्हणून काढायला सोपा. सबंध एकांकिकेत या घरात त्याला काहीतरी लागतंय असा तेवढा एकच क्षण होता. बाकी वेळ तो नुसता पाहुणा.

चाळीस सेकंद परत घातले, दुसरीकडचे विनोद कापले. मुलाला काही वेगळं करायला सांगावं लागलं नाही. श्रेयनामावलीत त्या मुलीचं नाव 'विशेष साहाय्य' या ओळीत आलं, तालमीसाठी आपली गच्ची देणाऱ्या काकांच्या शेजारी.